पगडीला सूट आहे, टोपीला का नाही? हेल्मेटचा कायदा समजून घेऊ या

जुम्माच्या नमाजला निघताना डोक्यावर टोपी, मागे लहान मुलगा, त्याच्याही डोक्यावर टोपीच आणि हेल्मेट घरी खुंटीला. आपल्या मोहल्ल्यातलं हे नेहमीचं दृश्य. 'शिखांना सूट आहे, मग आम्हाला का नाही?' असं पालक आम्हाला विचारतात. म्हणून ही माहिती.

भारतातला कायदा : मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ नुसार दुचाकी चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे. चार वर्षांवरील मुलंही त्यात आली. या कलमात धर्माच्या आधारावर एकच सूट लिहिली आहे : पगडी बांधलेल्या शीख व्यक्तीला. टोपी, हिजाब, बुरखा यांचा त्यात उल्लेख नाही. नियम मोडल्यास कलम १९४ ड प्रमाणे १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं.

सूट का दिली? केस न कापणं आणि पगडी बांधणं हा शीख धर्माचरणाचा भाग आहे. पगडीवर नेहमीचं हेल्मेट बसत नाही. टोपी मात्र घडी करून खिशात ठेवता येते आणि हिजाबवर हेल्मेट घालता येतं.

इतर देशांत : ब्रिटनने १९७६ मध्ये पगडीधारी शिखांना मोटारसायकल हेल्मेटमधून सूट दिली. १९८९ मध्ये बांधकामाच्या जागी आणि २०१५ मध्ये बहुतेक सगळ्या कामाच्या ठिकाणी ती लागू झाली. पण तिथे एक अट आहे. कामावर अपघात झाला, तर हेल्मेट असूनही जेवढी इजा झाली असती, तेवढ्यापुरतीच मालकाची जबाबदारी राहते. म्हणजे जादा इजेचा भार ज्याचा त्याने सोसायचा. जर्मनीत २०१९ मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने एका शीख चालकाला सूट नाकारली.

घरात काय करावं?
- हिजाबचं कापड पातळ आणि घट्ट बसणारं असावं. हेल्मेटखाली पिना आणि जाड गाठ नको.
- हेल्मेट आयएसआय मार्कचं घ्या आणि पट्टा लावा. पट्टा न लावता घातलेलं हेल्मेट पडताना निघून जातं.
- मुलासाठी त्याच्या मापाचंच घ्या. मोठ्यांचं हेल्मेट त्याच्या डोक्यावर टिकत नाही.

जानची हिफाजत शरीयतच्या पाच मूळ उद्देशांपैकी एक आहे. सूट मागण्याआधी आपण एवढं लक्षात ठेवू. येत्या जुम्माला टोपी खिशात, हेल्मेट डोक्यावर. मशिदीच्या दारात टोपी घालायला कितीसा वेळ लागतो?