टेलिफोनवरून सांगितलेला उतारा

ता. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं कॉर्नेल विद्यापीठांतील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानें आपोआप पसरणारा एक प्रोग्रॅम इंटरनेटवर सोडला. त्या वेळीं इंटरनेटला सुमारें ६०,००० संगणक जोडलेले होते. हा प्रोग्रॅम फायली पुसत नसे. परंतु संगणकांत त्याची प्रत आधींच असली तरी सातांत एकदां नवी प्रत ठाण मांडी. अशा प्रती सांचून संगणक थकून जात.

अनर्थ ध्यानांत येतांच मॉरिसनें हार्वर्ड येथील आपला मित्र अँड्र्यू सडथ यास टेलिफोन केला. सडथनें क्षमायाचना व उपाय सांगणारें निनांवी पत्र इंटरनेटवर धाडलें. पण तुंबलेल्या मार्गांमुळें तें वेळेवर पोंचलेंच नाहीं. कित्येक संस्थांनीं भयानें आपले संगणक इंटरनेटपासून तोडले, आणि रोगाबरोबर औषधाचीही वाट बंद झाली.

तेव्हां कामीं आला तो टेलिफोनच. टपाल वाहणाऱ्या ‘सेंडमेल’ प्रोग्रॅममधील उघडें दार कसें लावावें, हें जाणकार आपल्या परिचितांस तोंडीं सांगूं लागले. ज्यांचा कोणाशीं परिचय नव्हता, त्यांनीं मात्र विचारावें कोणास?

ही उणीव ओळखून १९८८ साल संपण्यापूर्वींच कार्नेगी मेलन विद्यापीठांत ‘सर्ट’ हें साहाय्यकेंद्र निघालें व तेथें अहोरात्र टेलिफोनची सोय झाली. मॉरिसला १९९० सालीं १०,०५० डॉलर दंड व ४०० तासांची समाजसेवा अशी शिक्षा झाली. मित्र मित्रास जें साहाय्य करी, तें अनोळखी माणसासही हक्कानें मागतां येऊं लागलें, हीच त्या संकटाची खरी कमाई होय.