गोलबाजारातली पुरौनी

गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी रजा होती. मुलीला घेऊन गोलबाजारात जायचे ठरले. निघताना चपला घालता घालता तिने विचारले, "बाबा, आपण इथले का बाहेरचे?" शाळेत कोणीतरी आडनावावरून छेडले होते. रायपूरला वाढलेल्या आपल्यापैकी पुष्कळांना हा प्रश्न कधी ना कधी पडला आहे. मी रेल्वेतला डिप्लोमा इंजिनियर, इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. म्हटले, आज पायीच फिरू, उत्तर वाटेत सापडेल.

आमच्या तात्यापाऱ्यातून शारदा चौक, जयस्तंभ, मालवीय रोड असे रमतगमत गेलो. वाटेत तिला १७४१ सालापासून सांगायला सुरुवात केली. त्या साली भास्करपंतांबरोबर नागपूरकर भोसल्यांची फौज छत्तीसगडात आली. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले येथे कारभार पाहत होते, पण त्यांची राजधानी रतनपूर. कारभार रायपूरला हलला तो १८१८ नंतर, कर्नल अ‍ॅग्न्यू या इंग्रज अधिकाऱ्याच्या वेळी. १८३० मध्ये तो पुन्हा भोसल्यांकडे आला आणि १८५४ मध्ये राज्यच खालसा झाले. तेव्हा "रायपूर मराठ्यांनी वसवले" असे आपल्या बैठकींत कोणी ठोकून देतात, ते खरे नाही. गाव कलचुरींच्या काळापासूनचे आहे. आपले लोक येथे आले ते सत्तेबरोबर, वसुली करायला आले, हेही मी तिच्यापासून लपवले नाही. ती म्हणाली, "म्हणजे बाहेरचेच!" मी म्हटले, जरा थांब.

गोलबाजार पोळ्याच्या आधी पाहावा. एरवीही त्या गल्ल्यांत पूजेचे सामान, लग्नाचे सामान, मसाले, जडीबुटी सारे मिळते, पण त्या दिवशी मातीचे नांदिया बैल रांगेने मांडलेले असतात. खाली चाके, तोंडाला दोरी. शेजारी मुलींसाठी मातीची भातुकली: चूल, भांडी, इवलासा जांता. आपल्या नागपूरकडे अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल, येथे मातीचे, पण ओढणारी मुले तशीच. पलीकडे साड्यांच्या दुकानांत तीजेची गर्दी. छत्तीसगडी लेकी तीजेला माहेरी येतात, माहेरची साडी नेसतात. आपली हरतालिका तीच तिथी. आपण दुसऱ्या दिवशी गणपती बसवतो, एवढाच पुढचा भाग. मुलीने एक बैल व जांता घेतला. घासाघीस तिनेच केली, छत्तीसगडीत. मला तेवढी येत नाही.

सदरबाजारातून बुढापाऱ्याकडे वळलो. तेथे सप्रे शाळा आहे. माधवराव सप्रे मातृभाषेने मराठी. जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्याहून त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढले, ते हिंदीत. सोबतीला रामराव चिंचोलकर आणि रायपूरचे वामनराव लाखे. 'दासबोध' आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेणारेही सप्रेच. १९२६ मध्ये रायपूरलाच वारले. लाखे यांनी पुढे येथे सहकारी बँकेचे काम उभे केले, आणि ज्या लाखेनगरावरून आपल्या झाँक्या महादेवघाटाकडे जातात ते नाव त्यांचेच. वसुलीला आलेल्यांच्या पुढच्या पिढ्यांनी काय केले, ते हे. मुलगी रोज तेथून जाते, पण सप्रे कोण हे तिला ठाऊक नव्हते. मलाही तिच्या वयात नव्हते.

भूक लागली तशी ऑटो करून घासीदास संग्रहालयाच्या आवारात गेलो. १८७५ साली राजनांदगावच्या महंत घासीदासांनी हे संग्रहालय स्थापले. त्याच आवारात २०१६ मध्ये गढ कलेवा सुरू झाले. फरा, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या वळ्या, वर तिळाची फोडणी. चीला, म्हणजे आपले घावन. ठेठरी बेसनाची, खुरमी गुळाच्या शंकरपाळ्यासारखी. आणि अइरसा! तांदूळ आणि गूळ, तुपातेलात तळलेला. अनारशाचा सख्खा भाऊ, फक्त जाळी पडत नाही. माझ्या आईला हे मान्य होणार नाही, तिच्या मते जाळी नाही तर अनारसा नाही.

खाता खाता छोट्या गाडीची गोष्ट निघाली. १८७७ मध्ये लहानगा नरेंद्र, पुढचे स्वामी विवेकानंद, रायपूरला आला तेव्हा शेवटचा टप्पा बैलगाडीचा होता. १८८२ मध्ये मीटरगेज राजनांदगावपर्यंत आली, मग बंगाल नागपूर रेल्वेने ती ब्रॉडगेज करून १८९१ पर्यंत नागपूर ते आसनसोल मार्ग जोडला. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा याच रुळांवरून नोकरीसाठी आले. पण बाजार भरला तो अडीच फुटी रुळांच्या धमतरी गाडीने. ती १९०० साली सुरू झाली. अभनपूरहून एक फाटा राजीमला. मी नोकरीत नवा असताना तीत बसलो आहे. डब्यात माणसांपेक्षा टोपल्या जास्त, भाजी, मुनगा, कोंबड्या, आणि गाडी इतकी सावकाश की मागून सायकलवाला घंटी वाजवी. रायपूर ते केंद्री तुकडा २०१७ मध्ये बंद झाला. त्या जागेवर आता एक्सप्रेस-वे आहे. मार्च २०२५ मध्ये अभनपूरला ब्रॉडगेजची मेमू सुरू झाली, पण ती मंदिरहसौदवरून. इंजिनियर म्हणून मला हा बदल पटतो. शहराच्या मधोमध इतकी फाटके ठेवून ती गाडी चालवणे शक्य नव्हते. तरी तेलीबांध्याला टोपली घेऊन उतरणाऱ्या बाया आता कशाने येतात, हा विचार मनातून जात नाही.

परतताना गोलबाजाराच्या कडेला पसरा मांडून बसलेल्या एका म्हातारीकडे लाल भाजी घेतली. थोडे फुटू, म्हणजे पावसाळी अळंबीही होते, पण भाव ऐकून हात मागे घेतला. भाजी तोलून झाल्यावर मुलगी म्हणाली, "पुरौनी?" वजनावर वरून जे घालतात ते पुरौनी. मला तो आपल्या पुरवणीचाच शब्द वाटतो. म्हातारी हसली, एक मूठ आणखी टाकली आणि विचारले, "कहाँ रहिथस, नोनी?"

"तात्यापारा," मुलगी म्हणाली.

"हव," म्हणत म्हातारीने आणखी दोन काड्या पिशवीत टाकल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.