घोड्याचा फरक

माझ्या लहानपणी, म्हणजे १९८०च्या दशकाच्या अखेरीस, आमच्या गावच्या देवळाच्या अग्रशाळेत रोज संध्याकाळी बुद्धिबळाचा पट मांडला जायचा. खेळणारे ठरलेले. एक निवृत्त मास्तर, देवळातले भट, पोस्टमन आणि बाजारातले दोन-तीन दुकानदार. पट कापडाचा, एक काळा उंट हरवलेला, त्याच्या जागी सुपारी. खेळ जुन्या देशी पद्धतीचा, म्हणजे प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे सरकणार. आरतीची घंटा झाली की डाव मोडायचा.

यांच्यात चांगला कोण, हे ठरवायला कुणाला वही-पेन्सिल लागत नसे. मास्तर भटांशी खेळताना आपले एक प्यादे आधीच काढून ठेवायचे, पोस्टमनशी खेळताना एक घोडा आणि दुकानदारांशी खेळताना चक्क हत्ती. पोस्टमन मास्तरांपेक्षा एका घोड्याने कमी, असे गावात सरळ बोलले जायचे आणि पोस्टमनला त्यात काही अपमान वाटत नसे. एका पावसाळ्यात हा पोस्टमन लागोपाठ जिंकू लागला. मग एके संध्याकाळी मोहरी मांडताना मास्तरांनी घोडा बाजूला ठेवलाच नाही. बोलले काही नाहीत, नेहमीच्या घरात मांडून टाकला. त्या दिवशी पोस्टमन सडकून हरला. पण घरी जाताना त्याचा चेहरा मी पाहिला आहे. इतक्या आनंदाने हरलेला माणूस मी त्यानंतर पाहिलेला नाही.

हे सगळे आठवायचे कारण माझा बारा वर्षांचा भाचा. तोही बुद्धिबळ खेळतो, आमच्या मास्तरांपेक्षा कितीतरी चांगले खेळतो. पण हरून आनंदाने घरी आला, असे कधी झाले नाही. त्याच्यापाशी घोड्याऐवजी एक चार आकडी संख्या आहे. तिला तो "माझे रेटिंग" म्हणतो. ही संख्या आली कुठून आणि खेळाडूंच्या मनात इतकी रुतून कशी बसली, हे पाहू लागलो तेव्हा बराच इतिहास हाती लागला.

मोहरा काढून खेळण्याची रीत केवळ आपली नव्हे. एकोणिसाव्या शतकात लंडन-पॅरिसच्या कॉफीगृहांतही खेळाडूंची प्रत अशीच ठरायची. कुणी प्याद्याचा गिऱ्हाईक, कुणी घोड्याचा, कुणी हत्तीचा. पण ही रीत एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांतच चालते. स्पर्धा वाढल्या, शेकडो अनोळखी माणसे एका दालनात बसू लागली, तेव्हा कुणाला कुणासमोर बसवायचे याचा हिशेब हवा झाला. १९४८ साली जर्मनीत इन्गो नावाची पद्धत निघाली. तिच्यात आकडा जितका लहान, तितका खेळाडू मोठा! १९५० साली अमेरिकेत केनेथ हार्कनेस यांची पद्धत आली. ती सोपी होती, पण ढोबळ. तिच्या जागी १९६० साली अमेरिकेच्या महासंघाने आणि १९७० साली फिडे या जागतिक महासंघाने जी पद्धत स्वीकारली, तीच आजची एलो पद्धत.

एलो हे पुष्कळांना कुठल्याशा इंग्रजी नावाचे लघुरूप वाटते. सरकारी कचेरीत आद्याक्षरांच्या जंगलात आयुष्य गेल्यामुळे मलाही तसेच वाटत होते. पण ते एका माणसाचे आडनाव आहे. अर्पाद एलो यांचा जन्म १९०३ सालचा, हंगेरीतला. लहानपणीच आईवडिलांबरोबर ते अमेरिकेत गेले आणि पुढे मिलवॉकीच्या मार्केट विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवू लागले. स्वतः चांगले खेळाडू, विस्कॉन्सिन राज्याचे आठ वेळा विजेते. १९५७ साली मिलवॉकीच्या एका स्पर्धेत चौदा वर्षांच्या एका पोराने त्यांना हरवले. त्या पोराचे नाव बॉबी फिशर.

एलोंच्या गणितातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी, की त्यात एकट्या माणसाच्या आकड्याला काही अर्थच नाही. अर्थ आहे तो दोघांच्या आकड्यांतल्या फरकाला. विजयाचा एक गुण, बरोबरीचा अर्धा धरला, तर सारख्या आकड्याच्या दोघांनी १०० डावांत ५०-५० गुण घ्यावेत. फरक २०० चा असेल तर वरचढाने साधारण ७६ घ्यावेत. ४०० चा असेल तर नव्वदीच्या वर. अपेक्षेपेक्षा जास्त मिळवले तर आकडा वाढतो, कमी मिळवले तर उतरतो. उद्या जगातल्या प्रत्येकाच्या रेटिंगमध्ये हजार मिळवले तरी कुणीही कुणाच्या पुढे किंवा मागे जाणार नाही. म्हणजे एलोंनी केले ते आमच्या मास्तरांचेच काम. फक्त घोड्याच्या जागी गणित मांडले.

हे माप किती कच्चे आहे, हे त्यांना स्वतःला पक्के ठाऊक होते. पाण्यावर हेलकावणारे बूच, आणि ते मोजायची पट्टी वाऱ्यावर डोलणाऱ्या दोरीला बांधलेली, अशी उपमा त्यांनी आपल्याच पद्धतीला दिली होती. तरुण खेळाडूंना या आकड्यापलीकडे काही सुचत नाही, याची उतारवयात त्यांना खंत वाटे. १९९२ साली ते वारले.

आता पुन्हा फिशरकडे. १९७२ सालच्या यादीत फिशर २७८५ आणि जगज्जेता स्पास्की २६६०. त्या उन्हाळ्यात आइसलँडमध्ये फिशरने स्पास्कीला १२.५-८.५ असे हरवले आणि तो जगज्जेता झाला. आणि त्याचे रेटिंग? ते २७८५ वरून २७८० वर आले! कारण १२५ गुणांच्या फरकाने त्याच्याकडून दोन तृतीयांश गुणांची अपेक्षा होती. प्रत्यक्ष खेळल्या गेलेल्या २० डावांत (एक डाव त्याने न खेळताच सोडला होता) त्याने तेराहून थोडे अधिक गुण घ्यायला हवे होते. मिळाले साडेबारा. जग डोक्यावर घेऊन नाचत असताना गणिताच्या वहीत मात्र "थोडे कमी पडले" अशी नोंद झाली.

त्यानंतर फिशर वीस वर्षे स्पर्धेच्या पटावर बसलाच नाही. १९७५ साली त्याने न खेळताच विजेतेपद सोडले. न खेळणाऱ्याचे रेटिंग कधी घसरत नाही. फिशरची कारणे वेगळी होती, पण आकडा जपायचा तर पटावर बसूच नये, हा धडा पुढे किती खेळाडूंनी आपापल्या परीने गिरवला असेल!

याच आकड्यापायी एका मुलीवर झालेला अन्याय तर आणखी बोलका आहे. १९८०च्या दशकात बहुतेक स्त्री खेळाडू आपापसांतच खेळत. एकाच विहिरीतले पाणी त्याच विहिरीत ओतावे तसे ते गुण तिथल्या तिथेच फिरत आणि बाहेरच्यांच्या तुलनेत कमी राहत, असे फिडेचे म्हणणे पडले. म्हणून जानेवारी १९८७ च्या यादीत स्त्रियांना सरसकट १०० गुण वाढवून दिले. फक्त एकीला वगळले, हंगेरीची सुसान पोल्गार. कारण काय, तर ती पुरुषांशी खेळते, तिचे रेटिंग आधीच बरोबर आहे. वय वर्षे १७. स्त्रियांच्या यादीत ती जगात पहिली होती, ती एकही डाव न हरता दुसरी झाली. सोव्हिएत संघाची चिबुर्दानित्झे वर गेली. गणिताच्या बाजूने युक्तिवाद करता येईलही. पण पटावर न घडलेला पराभव त्या मुलीने कसा गिळला असेल? तिने उत्तर पटावरच दिले. १९९१ साली पुरुषांसाठी असलेल्याच अटी पूर्ण करून ती ग्रँडमास्टर झाली आणि १९९६ साली स्त्रियांची जगज्जेती.

भारताला अशी गुणांची खैरात अगदी अलीकडे अनुभवायला मिळाली. १ मार्च २०२४ रोजी फिडेने २००० च्या खालच्या सगळ्यांना एकाच दिवशी गुण वाढवून दिले. सूत्र असे, की २००० ला जितके कमी, त्याचे ४० टक्के मिळवायचे. भाच्याचे रेटिंग तेव्हा ११८०. कमी ८२०, त्याचे ४० टक्के ३२८. पोरगा रात्री ११८० वर झोपला आणि सकाळी १५०८ वर उठला. घरभर नाचला. दुपारी त्याच्या लक्षात आले, की वर्गातल्या ज्या मुलाचे १००० होते त्याचे १४०० झाले आहेत. दोघांमधला फरक १८० चा होता तो १०८ वर आला. संध्याकाळी जेवला नाही. तीनशे गुण फुकट मिळालेला माणूस उपाशी झोपताना मी प्रथमच पाहिला.

त्यानंतरच्या मे महिन्यात एका खुल्या स्पर्धेत त्याच्यापेक्षा लहान मुलीने त्याला हरवले. तिचे रेटिंग १४२० च्या आसपास. या वयाच्या मुलांना गुणक ४० चा असतो, त्यामुळे त्या एका डावात जवळजवळ २५ गुण गेले. पुढच्या दोन स्पर्धांच्या आदल्या दिवशी त्याचे पोट दुखले. खेळाच्या दालनाबाहेर पालकांत बसा, पहिला प्रश्न "तुमच्याचे किती?" असाच असतो. आमच्या कचेरीत वर्षातून एकदा गोपनीय अहवालाचा आकडा येतो तेव्हा आम्ही वयस्कर माणसेही आठवडाभर एकमेकांकडे वेगळ्याच नजरेने बघतो. मग पोराला काय नावे ठेवायची?

या आकड्याचे उपकारही आहेत, ते नाकारून चालणार नाही. पंजाबचा मीर सुलतान खान १९२९, १९३२ आणि १९३३ असा तीनदा ब्रिटिश विजेता झाला, पण १९६६ साली मेला तो कुठल्याही किताबाविना. फिडेने त्याला मानद ग्रँडमास्टर केले ते २०२४ साली. आजच्या मुलाचे असे होत नाही. एप्रिल २००७ मध्ये आनंद यादीत पहिला आला तेव्हा कुणाच्या मेहेरबानीची गरज पडली नाही. आपल्या गोव्याचा अनुराग म्हामल २०१७ साली आणि लिऑन मेंडोन्सा २०२१ साली ग्रँडमास्टर झाला. २५०० चा टप्पा गाठणाऱ्याला कुणी त्याचे गाव, घराणे, ओळखपाळख विचारत नाही. लहान प्रदेशातल्या माणसांना याची किंमत कळते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये विश्वचषक आपल्या हडफड्याला भरला, २०६ खेळाडूंचा. भाचा रोज फोनवर डाव बघत होता. तिसऱ्याच फेरीत जगज्जेता आणि अग्रमानांकित गुकेश जर्मनीच्या फ्रेडरिक स्वानेकडून हरला. स्वाने यादीत शंभरेक गुणांनी खाली. शेवटी चषक नेला उझबेकिस्तानच्या एकोणीस वर्षांच्या सिंदारोवने. भाचा मला म्हणाला, "मामा, गुकेशचेपण पोट दुखत असेल?" मी म्हटले, "दुखत असेल रे. पण तो पुढच्या स्पर्धेला जाणार." त्यावर तो काही बोलला नाही.

नाताळच्या सुट्टीत मी गावातून तो जुना कापडी पट आणला. सुपारीसकट. म्हटले, आपण घोडा काढून खेळू. त्याने हे कधी ऐकलेच नव्हते. मास्तरांची गोष्ट सांगितली. "हे रेटिंगला धरत नाहीत ना?" एवढी खात्री करून घेतली आणि मला एकवार न्याहाळून घोडा नव्हे, सरळ हत्ती काढून ठेवला. माझी योग्यता त्याने बरोबर ओळखली होती. पहिले तीन डाव मी हरलो. चौथा कसाबसा जिंकलो. पोर रडते की काय, म्हणून मी त्याच्याकडे पाहिले, तर तो हसत होता. मोहरी पुन्हा मांडता मांडता त्याने हत्ती पिशवीतून काढला, त्याच्या घरात ठेवला आणि क्षणभर विचार करून घोडा उचलून बाजूला केला.

"आता घोडा, मामा," तो म्हणाला. मी पाचवा डाव हरलो. फार बरे वाटले.