जुन्या जीपची उंची वाढवण्यापूर्वी : पाटे, तोल आणि परवानगी

पेण/रोहा, प्रतिनिधी :
रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या तालुक्यांत खाडीकाठची खारजमीन, भातखाचरे आणि डोंगरउतार थोड्याथोडक्या अंतरावर एकमेकांना भेटतात. एका बाजूला खारेपाटातील बांधांवरचे चिखलाचे रस्ते, दुसऱ्या बाजूला कातकरी व ठाकूर वाड्यांकडे चढणाऱ्या दगडगोट्यांच्या वाटा आणि मधून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग. त्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस. अशा मुलखात जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांची उपयुक्तता अजून संपलेली नाही. महिंद्रची एमएम ५४०, कमांडर, क्लासिक किंवा १९८५ मध्ये बाजारात आलेली मारुती जिप्सी या गाड्या स्थानिकांप्रमाणेच मुंबई-पुण्याच्या हौशी मालकांकडेही आढळतात. खडकाळ वाटेवर पोट घासू लागले, की 'लिफ्ट किट बसवून गाडी उंच करावी' हा विचार या मालकांच्या मनात येतोच. मात्र हा बदल वरून दिसतो तितका साधा नाही. त्यात तोल, ब्रेक, स्टिअरिंग आणि कायदा अशा चारही बाजू गुंतलेल्या आहेत.

लिफ्ट किट म्हणजे काय?
चाके व ॲक्सल यांच्या तुलनेत चासी आणि बॉडी वर उचलणाऱ्या सुट्या भागांच्या संचास सस्पेन्शन लिफ्ट किट म्हणतात. त्यात साधारणपणे अधिक कमानीचे पाटे, लांब शॉक ॲब्सॉर्बर, नवे यू-बोल्ट, शॅकल, बुश आणि लांब ब्रेक होज यांचा समावेश असतो. चासी आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे बसवून केलेली 'बॉडी लिफ्ट' ही निराळी गोष्ट आहे. तिच्यामुळे मोठ्या टायरला जागा मिळते, पण चासी जमिनीपासून होती तितक्याच उंचीवर राहते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. लिफ्ट किटमुळे ॲक्सलच्या मध्यभागी असलेला डिफरन्शियलचा गोल डबा एक मिलिमीटरही वर जात नाही. सलग ॲक्सलच्या गाडीत जमिनीच्या सर्वात जवळचा भाग बहुधा तोच असतो. तो वर नेण्याचा मार्ग मोठा टायर हाच. आणि टायरचा व्यास दोन इंचांनी वाढला, तर डबा एकच इंच वर जातो. किटचा खरा उपयोग चासी, ट्रान्सफर केस व पायदाने खडकापासून दूर ठेवण्यासाठी, तसेच चाकांना वर-खाली होण्यास अधिक वाव देण्यासाठी होतो.

आधी गेलेली उंची शोधा
वीस-तीस वर्षे चाललेल्या जीपचे पाटे बसलेले असतात. बुश झिजतात, शॅकलच्या पिना सैल होतात. खारेपाटातील दमट, खारी हवा व चिखल यांमुळे पाट्यांच्या मधल्या फटींत गंज धरतो आणि पाटे एकमेकांवर सरकेनासे होतात. परिणामी गाडी खाली येते आणि दणकेही देऊ लागते. म्हणून किटची चौकशी करण्यापूर्वी सपाट जागेवर, टायरमध्ये योग्य हवा भरून, चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे आणि ते कंपनीच्या माहितीपुस्तकातील आकड्यांशी किंवा सुस्थितीतील त्याच गाडीशी ताडून पाहावे. डाव्या-उजव्या बाजूंत फरक असल्यास एखादा पाटा तुटला आहे किंवा चासी वाकली आहे, असा संशय घ्यावा.

मूळ मापाचे नवे पाटे, बुश आणि शॉक ॲब्सॉर्बर बसवल्यावर बसलेल्या गाडीची गेलेली उंची परत येते आणि अनेकांची गरज तेथेच भागते. जुने पाटे ठोकून त्यांना पुन्हा कमान देण्याची पद्धत स्वस्त असली, तरी ही कमान फार काळ टिकत नाही. पाटे तापवून वाकवले, तर पोलादाचे पाणीच उतरते आणि पाटा ऐन चढावर तुटण्याचा धोका राहतो. जादा पाटा घालण्याचा उपाय ओझे वाहणाऱ्या गाडीसाठी ठीक. रिकाम्या गाडीत मात्र त्याने उंचीपेक्षा कडकपणा अधिक वाढतो आणि खड्ड्यांत चाक जमीन सोडते.

उंची वाढवण्याचे मार्ग
पहिला आणि त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग म्हणजे अधिक कमानीचे पाटे. त्यातून दीड ते अडीच इंच उंची मिळते. दुसरा मार्ग लांब शॅकलचा. शॅकल दोन इंचांनी लांबवले, तर गाडी सुमारे एक इंच वर येते. मात्र ॲक्सल किंचित फिरते. पुढच्या ॲक्सलचा कास्टर कोन त्यामुळे कमी झाला, तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही आणि वेगात पुढची चाके थरथरू लागतात.

तिसरा मार्ग पाटे ॲक्सलच्या खालून काढून वर बसवण्याचा. जुन्या जीप व जिप्सीच्या मूळ रचनेत पाटे ॲक्सलच्या खाली असतात. ते वर घेतल्यास ॲक्सलच्या नळीचा व्यास व पाट्यांच्या गठ्ठ्याची जाडी मिळून चार ते सहा इंच उंची मिळते. आकडा मोहात पाडणारा आहे. पण त्यासाठी ॲक्सलवर नव्या बैठका वेल्डिंगने बसवाव्या लागतात, स्टिअरिंगच्या दांड्या बदलाव्या लागतात आणि जोर लावताना पाटे पीळ खातात. हे काम किरकोळ गॅरेजचे नव्हे. ॲक्सल आणि पाटे यांच्यामध्ये ठोकळा घालणे हा सर्वात स्वस्त प्रकार, पण पाटे खाली असलेल्या गाडीत ठोकळ्याने गाडी उंच होण्याऐवजी उलट खाली येते. पुढच्या ॲक्सलवर तर ठोकळा कधीच वापरू नये. ब्रेक लावताना तो निसटल्यास ॲक्सलच जागेवरून सरकते.

२०१० मध्ये आलेल्या पहिल्या पिढीतील थारच्या काही प्रकारांना यातील बरेच नियम लागू होत नाहीत. त्यांना मागे पाटे असले, तरी पुढे टॉर्शन बार आहे. तो पिळून पुढचा भाग वर घेता येतो. पण मर्यादेपलीकडे गेल्यास बॉल जॉइंट आणि पुढचे ड्राइव्ह शाफ्ट तिरक्या कोनात राहून लवकर झिजतात.

उंचीची किंमत
समजा, गाडीच्या दोन चाकांतील अंतर १.२४ मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.७० मीटर उंचीवर आहे. अशी गाडी आडव्या उतारावर गणिताने सुमारे ४१ अंशांपर्यंत तोल राखते. गुरुत्वमध्य दहा सेंटिमीटर वर गेला, तर ही मर्यादा सुमारे ३८ अंशांवर येते आणि वळणावर कलंडण्यास होणारा विरोध सुमारे १२ टक्क्यांनी घटतो. प्रत्यक्षात बाहेरच्या बाजूचे पाटे दबतात, टपावर सामान असते, त्यामुळे ही मर्यादा आणखी अलीकडे येते. कर्नाळा किंवा सुकेळी खिंडीच्या ओल्या वळणावर समोरून ट्रक आल्यावर चालकाला अचानक स्टिअरिंग फिरवावे लागते, तेव्हा हाच फरक मागच्या बाकावर बसलेल्या कुटुंबाच्या जिवाशी येऊन ठेपतो.

मोठ्या टायरने ब्रेकवरचा भार वाढतो, स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवतो आणि चढावर इंजिन दमते. चासी वर गेल्याने प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो. युनिव्हर्सल जॉइंट तिरके फिरून गाडीत कंप येतो. स्टिअरिंगची ड्रॅग लिंक तिरपी झाल्याने खड्ड्यात चाक वर गेले, की गाडी स्वतःच बाजूला ओढते.

बसवताना घ्यावयाची काळजी
पुढील क्रम मूळ मापाचे पाटे बदलतानाही तितकाच उपयोगी आहे.

कामाच्या आदल्या दिवशी सर्व नट-बोल्टवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. चासी धुऊन पाट्यांच्या बैठका, विशेषतः मागच्या टोकाकडील भाग, हातोडीने वाजवून पाहावा. ठणठणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर आधी चासीची दुरुस्ती करावी. गंजलेल्या बैठकीवर नवे पाटे चढवणे धोक्याचे.

गाडी उचलल्यावर चासीखाली भक्कम स्टँड लावावेत. केवळ जॅकच्या आधारावर कोणीही गाडीखाली जाऊ नये. एका वेळी एकच ॲक्सल हाती घ्यावे. पाटे सोडण्यापूर्वी ॲक्सलला स्वतंत्र आधार द्यावा, अन्यथा ब्रेक होज ताणून तुटतो. पाट्याचा मधला बोल्ट ॲक्सलच्या भोकात नेमका बसल्याची खात्री करावी. जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. ते कसताना ताणले गेलेले असतात.

पाट्यांच्या डोळ्यांतील बोल्ट प्रथम सैलच ठेवावेत. चाके जमिनीवर टेकून गाडीचे पूर्ण वजन पाट्यांवर आल्यानंतरच ते शेवटचे कसावेत. गाडी हवेत असताना कसल्यास रबरी बुश पिळलेल्या स्थितीत अडकतात आणि लवकर फाटतात. यू-बोल्ट टॉर्क रेंचने, आळीपाळीने कर्णरेषेत आवळावेत.

त्यानंतर ॲक्सल पूर्ण खाली सोडून ब्रेक होज, शॉक ॲब्सॉर्बर आणि प्रॉपेलर शाफ्ट यांची लांबी पुरते का, हे पाहावे. ताण सर्वात आधी पाट्यांवर यावा. होजवर किंवा शॉकवर नव्हे. दोन्ही टोकांना स्टिअरिंग पूर्ण फिरवून टायर कोठे घासतो का, तेही तपासावे. कास्टर व शाफ्टचा कोन सुधारण्यासाठी पाटे आणि बैठक यांच्यामध्ये पोलादी पाचर बसवता येते. शेवटी चाकांचे अलाइनमेंट करून हेडलाइटचा झोत खाली आणावा, नाहीतर समोरच्या चालकाचे डोळे दिपतात. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर आणि पुन्हा पाचशे किलोमीटरनंतर सर्व यू-बोल्ट आवळणे विसरू नये.

पाण्यात उंचीचा भरवसा नको
कुंडलिका, अंबा आणि भोगावती या नद्या पावसाळ्यात झपाट्याने फुगतात. उंच केलेल्या गाडीचा मालक पाण्याखालच्या साकवावर गाडी घालण्यास धजावतो. परंतु वाहते पाणी गाडीला बाजूने ढकलते, खालून उचलते, आणि चाकांची पकड वजनाबरोबरच कमी होत जाते. हवा आत घेणाऱ्या नळीची जागा फारशी बदललेली नसते. तीतून इंजिनात पाणी गेले, तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. शिवाय ॲक्सल पूर्वीच्याच उंचीवर असल्याने डिफरन्शियलमध्ये पाणी शिरण्याचा धोका कायम राहतो. पाण्यातून गेल्यास त्यातील तेल तपासावे; ते दुधाळ दिसल्यास लगेच बदलावे.

कायदा काय सांगतो?
मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील, असा बदल मालकास करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अधिनियमात आलेल्या कलम १८२-अ नुसार अनधिकृत बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते. नंतर दर पाच वर्षांनी तपासणी होऊन नूतनीकरण होते. म्हणजे एमएच-०६ क्रमांकाची जुनी जीप कधी ना कधी पेणच्या परिवहन कार्यालयासमोर उभी राहणारच. त्यामुळे मूळ रचनेपलीकडचा कोणताही बदल करण्यापूर्वी नोंदणी प्राधिकाऱ्याकडे लेखी विचारणा करावी. विमा कंपनीसही लेखी कळवावे. न कळवलेल्या बदलावरून अपघाताच्या वेळी दावा अडू शकतो. दुकानदाराने दिलेले 'सगळे चालते' हे आश्वासन यापैकी कोठेही उपयोगी पडत नाही. राखीव वने, फणसाडसारखे अभयारण्य आणि खाडीकाठची कांदळवने येथे विनापरवाना गाडी घालण्यास मज्जाव आहे. गाडी कितीही उंच केली, तरी त्यात फरक पडत नाही.

रस्त्यावर चालणाऱ्या आणि कुटुंबाला घेऊन जाणाऱ्या जीपसाठी मूळ मापाचे नवे पाटे, चांगले शॉक ॲब्सॉर्बर, योग्य टायर आणि पोटाखाली संरक्षक पत्रा एवढे पुरेसे ठरते. मोठी लिफ्ट ही खासगी जागेतील स्पर्धांसाठी, ट्रेलरवरून नेल्या जाणाऱ्या गाड्यांची गरज आहे. आपली गाडी यांपैकी कोणत्या प्रकारात मोडते, हे मालकाने पाटे सोडण्यापूर्वीच ठरवावे.