या गावातून इतके गेले

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने सैनिक पुरवणाऱ्या गावांमध्ये दगडी पाट्या बसवल्या. मजकूर सगळीकडे जवळपास एकच, इंग्रजीत: या गावातून इतके पुरुष 1914 ते 1919 च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. फक्त आकडे बदलायचे. सातारा-रत्नागिरीकडच्या एखाद्या चावडीच्या भिंतीत किंवा देवळाजवळ अशी पाटी तुम्ही पाहिलीही असेल आणि ऑइलपेंटच्या थरांमुळे वाचली नसेल. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला तर ‘मिलिटरी’ हे विशेषणच चिकटलं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावची 46 माणसं गेल्याचं सांगतात.

मला या पाट्यांमधली एक गोष्ट खटकते. त्यांवर नाव एकही नसतं.

हा दगडाच्या खर्चाचा प्रश्न नव्हता. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये मेलेल्यांसाठी इंग्रजांनी 1929 मध्ये बसऱ्याला भलंमोठं स्मारक उभारलं. चाळीस हजारांहून जास्त माणसांचं. त्यात ब्रिटिश शिपायाचं नाव कोरलं, हिंदी अधिकाऱ्याचंही कोरलं. पण साध्या हिंदी शिपायांचा पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा. या शिपायांत मराठे होते, कोकणातले, देशावरचे. कुत-अल-अमारा शहराला तुर्कांनी डिसेंबर 1915 मध्ये वेढा घातला, तेव्हा आत अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये 110 वी मराठा पलटण होती. अन्न संपत आलं, घोडे कापून खायची वेळ आली आणि अनेक हिंदी शिपायांनी धर्मापायी ते मांस बरेच दिवस नाकारलं. 29 एप्रिल 1916 ला सुमारे 13,000 जणांनी शरणागती पत्करली. पुढे कैदेत, वाळवंटातल्या पायपिटीत आणि आजारात हजारो मेले. गावी पोचला तो पाटीवरचा एक आकडा.

उलट उदाहरण आपल्या सेंट्रल लाइनवरच आहे. डोंबिवलीहून सीएसएमटीला जाताना मसजिद स्टेशन लागतं. तिथून जवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये दोन्ही महायुद्धांत समुद्रात बुडालेल्या खलाशांचं स्मारक आहे. पहिल्या युद्धातले दोन हजारांवर, दुसऱ्यातले सहा हजारांवर. ज्यांना समुद्राशिवाय कबर नाही अशा खलाशांची नावं इथे जपली आहेत. जहाजाच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकणारे, डेक धुणारे लोक हे. मी या मार्गावर वर्षानुवर्षं प्रवास केला आणि मसजिद म्हणजे होलसेलचा बाजार एवढंच डोक्यात होतं.

कल्याणकडे या. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराचा मोठा ट्रान्झिट कॅम्प होता, ओळीने बराकी. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासितांना ठेवलं आणि 1949 मध्ये त्याचं उल्हासनगर झालं. आजही रिक्षावाल्याला आपण ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प चार’ सांगतो. नेवाळीची धावपट्टी त्याच काळातली; तिच्यासाठी घेतलेल्या जमिनी परत मागणाऱ्या शेतकऱ्यांचं आंदोलन जून 2017 मध्ये पेटलं होतं. म्हणजे त्या युद्धाचे नंबर राहिले, जमिनीचे सातबारे राहिले. बराकीत रात्र काढून पुढे बोटीवर चढलेल्या पोरांचं मात्र इथे काहीच नाही.

नाव राहतं ते बहुधा पराक्रमाचं. माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला इटलीत मशीनगनच्या ठाण्यावर एकटे धावून गेले आणि तिथेच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे आणि इटलीतल्या मोंटोने गावाने 2023 मध्ये त्यांचं स्मारक केलं. आमच्या डोंबिवलीत घरडा सर्कलला कॅप्टन विनयकुमार सच्चान यांचं स्मारक आहे. हे योग्यच आहे. पण पलटणीबरोबर खेचरं हाकणारा, पाणी वाहणारा, तापाने मेलेला माणूसही त्याच गावातून गेला होता.

म्हणून माळ्यावरच्या जुन्या ट्रंका भंगारात देण्याआधी बघा. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल शिपायांना चांदीचं मिळालं, मजूर तुकड्यांतल्या अनेकांना ब्राँझचं. त्याच्या कडेवर, अगदी बारीक अक्षरांत, नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. गावच्या पाटीने जे नाव गाळलं ते इथे सापडतं. चांदीची किती मेडलं अडीअडचणीला सोनाराकडे गेली आणि वितळली, त्याला हिशेब नाही.

मेडल नसलं तर मोबाइल आहेच. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर मृतांची यादी फुकट शोधता येते. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, बायकोचं नाव, गाव, जिल्हा असतो. स्पेलिंग साहेबाने कानाला वाटेल तसं केलंय, तेव्हा एकच आडनाव चार-पाच तऱ्हांनी टाकून बघावं लागतं. आणि जिल्हे तेव्हाचे घ्यायचे: ठाण्याचं ‘थाना’, रायगडचं ‘कुलाबा’. सिंधुदुर्ग तर टाकूच नका, तो 1981 पर्यंत रत्नागिरीतच होता.