मोटारहोममधील गरम पाणी : वीज, गॅस, डिझेल की इंजिनाची उष्णता?

भिलाई : निवासाची सोय असलेल्या वाहनांत, म्हणजे मोटारहोममध्ये किंवा मोटारीमागे जोडून नेल्या जाणाऱ्या कॅराव्हॅनमध्ये, आंघोळीचे पाणी तापविण्यासाठी मुख्यतः चार ऊर्जास्रोत वापरले जातात. बाहेरून घेतलेली २३० व्होल्टची वीज, एलपीजी, डिझेल आणि वाहनाच्याच इंजिनाची उष्णता हे ते चार स्रोत. बॅटरी व सौर पॅनेलचा पर्यायही सुचविला जातो, मात्र त्याला मोठ्या मर्यादा आहेत. यांपैकी कोणता स्रोत योग्य, हे उपकरणाच्या किमतीपेक्षा गाडी रात्री कुठे थांबते यावर अधिक अवलंबून असते.

नागपूरहून देवरी, राजनांदगाव, दुर्गमार्गे भिलाई-रायपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वर गाडी मुक्कामी थांबते ती बहुधा ढाबा, पेट्रोल पंप किंवा एखाद्या हॉटेलच्या वाहनतळावर. डिसेंबर-जानेवारीत या पट्ट्यात रात्रीचा पारा १०-१२ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो. पुढे चिल्फी घाट किंवा मैनपाटकडे गेल्यास गारठा आणखी वाढतो. गरम पाणी तेथे चैनीची बाब राहत नाही.

गरजेचा हिशेब सोपा आहे. एका व्यक्तीच्या आंघोळीचे १५ लिटर पाणी १८ अंशांवरून ४३ अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे ०.४४ युनिट वीज लागते. घरगुती वापरातला २ किलोवॉटचा गिझर हे काम पंधरा मिनिटांत करतो. अडचण येते ती जोडणीत. २ किलोवॉटचा गिझर जवळपास ९ अँपिअर प्रवाह घेतो. ढाब्यावरील ६ अँपिअरच्या सॉकेटमधून लांब, पातळ वायर ओढून तो चालविल्यास वायर व प्लग तापतात आणि आगीचा धोका निर्माण होतो. त्यासाठी १६ अँपिअरचे सॉकेट व त्याला साजेशी जाड वायर आवश्यक असते. वातानुकूलन यंत्र सुरू असताना गिझर लावल्यास तीही क्षमता अपुरी पडू शकते.

याहून गंभीर प्रश्न अर्थिंगचा आहे. वाहन रबरी टायरांवर उभे असल्याने त्याचा सांगाडा जमिनीपासून विलग असतो. सॉकेटला अर्थिंग नसेल आणि गिझरच्या कॉइलमध्ये बिघाड झाला, तर गाडीचा संपूर्ण पत्रा विद्युतभारित होऊ शकतो. आत बसलेल्यांना याची जाणीव होत नाही. खाली उभे राहून दाराच्या कडीला हात लावणाऱ्याला मात्र झटका बसतो. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी वाहनातच बसविणे आणि मुक्कामी जोडणीपूर्वी अर्थिंग तपासणे, ही दोन्ही कामे टाळण्यासारखी नाहीत.

बॅटरीचे गणित निराशाजनक आहे. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर बॅटरीत सुमारे १.२ युनिट ऊर्जा मावते. शिसे-आम्ल प्रकारात त्यातील निम्मीच वापरणे हिताचे असते आणि इन्व्हर्टरमध्येही काही वाया जाते. उरते ती एका आंघोळीपुरती. लिथियम बॅटरी अधिक देते. पण दिवे, पंखा, शीतकपाट यांचाही भार तिच्यावरच असतो.

एलपीजीची बाजू येथे भक्कम ठरते. एक किलो गॅसमध्ये सुमारे १२.८ युनिट ऊर्जा असते. ज्वलनातील तूट धरूनही वरील आंघोळीला ४५ ग्रॅमच्या आसपास गॅस पुरतो. म्हणजे पाच किलोच्या लहान सिलिंडरमध्ये शंभराहून अधिक आंघोळी होतात. धोकाही याच पर्यायात सर्वाधिक आहे. भारतात घरोघरी दिसणाऱ्या लहान गॅस गिझरपैकी अनेकांचा धूर खोलीतच सोडला जातो. मोटारहोमचे न्हाणीघर जेमतेम दोन घनमीटरचे असते. तेथे प्राणवायू झपाट्याने घटतो, ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. गॅसगळतीचा ओळखीचा वास एलपीजीत मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा असतो. तो कार्बन मोनॉक्साइडची सूचना देत नाही. डोकेदुखी, मळमळ, भोवळ ही लक्षणे थकव्याची समजून अनेकदा दुर्लक्षिली जातात. त्यामुळे घरगुती गॅस गिझर वाहनात बसविणे पूर्णतः टाळावे. वाहनांसाठी बनविलेल्या हीटरमध्ये ज्वलनकक्ष बंदिस्त असतो, हवा बाहेरून घेतली जाते आणि धूरही बाहेरच सोडला जातो. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी झरोका हवा. उन्हाळ्यात या भागात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा कप्प्यावर थेट ऊन पडणार नाही, हेही पाहावे लागते.

डिझेल हीटर वाहनाच्या टाकीतूनच इंधन घेतो. सिलिंडर बाळगावे लागत नाही, वीज लागते ती प्रामुख्याने सुरुवातीच्या प्रज्वलनापुरती. किंमत व देखभाल खर्चिक आहे.

सर्वांत दुर्लक्षित पर्याय इंजिनाचा. धावत्या इंजिनातील शीतकद्रव ८०-९० अंशांपर्यंत तापलेला असतो. तो पाण्याच्या टाकीतील नळीवेटोळ्यातून फिरविल्यास वाया जाणारी उष्णता पाण्याला मिळते. नागपूर ते भिलाई हा पाच-सहा तासांचा प्रवास संपेपर्यंत टाकी तापलेली असते आणि चांगले उष्णतारोधक आवरण असल्यास पाणी काही तास गरम राहते. रोज मुक्काम हलविणाऱ्यांसाठी यासारखी सोय नाही. एकाच ठिकाणी चार दिवस थांबणाऱ्यांना तिचा उपयोग नाही. पाणी भाजण्याइतके तापत असल्याने मिश्रण झडप मात्र अनिवार्य समजावी. मागे जोडलेल्या कॅराव्हॅनला स्वतःचे इंजिन नसल्याने हा पर्याय मोटारहोमपुरताच राहतो.

धोरणाच्या पातळीवर महाराष्ट्र आणि केरळ या राज्यांनी २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरणे जाहीर केली. पाणी व विजेची सोय असलेली कॅराव्हॅन पार्क उभी राहिल्यास विजेचा पर्याय अधिक सुरक्षित होईल. भारतात मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक असून, स्थानिक गॅरेजमध्ये फेरबदल करून घेणाऱ्यांनीही ते पाहावे.

परदेशी हीटर मागविणाऱ्यांनी व्होल्टेजकडे विशेष लक्ष द्यावे. अमेरिकी मोटारहोममधील सहा गॅलनच्या, म्हणजे सुमारे २३ लिटरच्या टाकीत गॅसबरोबर साधारण १.४ किलोवॉटची कॉइल असते. ती १२० व्होल्टसाठी बनविलेली असते. येथील २३० व्होल्टवर ती साडेतीन पटींहून अधिक वीज खेचते आणि जळते. युरोपीय उपकरणे २३० व्होल्टची असून काहींत ९०० व १,८०० वॉट अशी निवड करता येते. कमकुवत जोडणीवर ९०० वॉटचीच कळ दाबावी. पाणी तापण्यास दुप्पट वेळ लागेल. टाकी रिकामी असताना मात्र कोणतीही कॉइल सुरू करू नये.