उतारवयातील आहार आणि मनःस्थिती

वय झाले की भूक मंदावतेच, असे म्हणून ज्येष्ठांच्या घटत्या आहाराकडे घरोघरी दुर्लक्ष केले जाते. वयोमानानुसार चव व गंधाची जाणीव बोथट होते, भूकही काही अंशी कमी होते, हे खरे. तथापि ताटातील अन्न तसेच राहू लागण्यामागे पुष्कळदा मनाची उदासीनता असते.

जोडीदाराचे निधन, मुलांचे स्थलांतर किंवा निवृत्तीनंतर विस्कटलेला दिनक्रम यांमुळे एकट्यासाठी स्वयंपाक करण्याची इच्छा उरत नाही. मग चहा-बिस्किटांवर वेळ भागवली जाते. पोट भरल्यासारखे वाटते. मात्र डाळी, दूध, भाज्या व फळे आहारातून गळतात. प्रथिनांअभावी स्नायू क्षीण होतात, हालचाल घटते, भूक आणखी कमी होते आणि मन अधिकच खिन्न होते.

भारतात २०१७-१८ मध्ये झालेल्या वार्धक्यविषयक राष्ट्रीय सर्वेक्षणात साठीपुढील सुमारे २७ टक्के व्यक्तींचे वजन प्रमाणापेक्षा कमी आढळले. दारिद्र्य हे त्याचे मोठे कारण आहेच; परंतु सुस्थितीतील घरेही यातून सुटलेली नाहीत.

ज्येष्ठांच्या पोषणस्थितीची तपासणी करणाऱ्या, अनेक देशांत प्रचलित असलेल्या सहा प्रश्नांच्या चाचणीत आहार व वजनासोबत मानसिक ताण आणि नैराश्याचीही विचारणा होते. तीन महिन्यांत तीन किलोंहून अधिक वजन घटणे त्यात गंभीर मानले जाते. अशा वेळी परस्पर टॉनिक आणून देण्याऐवजी डॉक्टरांना रुग्णाच्या मनःस्थितीचीही कल्पना द्यावी. काही औषधांमुळेही भूक मरते, म्हणून चालू औषधांची यादी सोबत न्यावी. ज्येष्ठांसाठी १४५६७, तर मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १४४१६ या निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी सेवा उपलब्ध आहेत.